जुईच्या हातची बोहनी

चिक्.

जुईला आत्ताच कुठे डोळा लागला होता. सर्दीने तिचं नाक चोंदलं होतं, आणि चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन थोपटता थोपटता माझा पाय पार बधिर झाला होता. तिची मूठ सैल पडली, श्वास लांब झाला, घर एकदम गप्प झालं. मी तिला हळूच गादीवर सरकवायला लागले आणि नेमक्या त्या क्षणी छतावरच्या धुराच्या गजराने तो आवाज काढला. बॅटरी संपत आली की हे यंत्र आग नसतानाही दर मिनिटाला असं चिरकतं. कॅनडात येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं की घराच्या छतालाही भूक लागते.

"पराग," मी खोलीच्या दारातून कुजबुजले, "ते बंद कर आधी. उठेल ती."

पराग स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होता. पिठाचे हात वर धरून त्याने आधी छताकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "माझा हात नाही पोचत. दादा येतोच आहे, तो काढेल."

आणि खरंच, दारावर नखाने टकटक झाली. जुई झोपली असेल म्हणून दिगंबर भाऊजी आमच्याकडे कधी बेल वाजवत नसत. परागचे हे चुलतभाऊ. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे आणि वीतभर उंच. दारात बूट झटकता झटकता त्यांनी कान टवकारले, चिक् ऐकलं, आणि कोट न काढताच खुर्चीवर चढले. यंत्र उतरवलं, जुनी चौकोनी बॅटरी काढली, परागने ड्रॉवरमधून शोधून दिलेली नवी बसवली.

"बाप्पा! सणावाराचं घर असं रडतं ठेवता का बे?" ते दबक्या आवाजात परागला म्हणाले. "आणि हे काय, पुऱ्या लाटतो का नकाशे काढतो?"

"तुला गोल पाहिजे तर तू लाट."

"आपल्याला कोणत्याही चालतात. खातो आपण, मोजत नाही."

मी हसले. पण माझं लक्ष त्यांच्या खांद्यावरून खाली ठेवलेल्या बॅगेकडे होतं. काळी, नवीकोरी, चकचकीत चेनची. ती आज येणार हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

त्या वर्षी पाडवा रविवारी आला होता. सॅस्काटूनमध्ये पाडव्याला झाडांना पालवी वगैरे काही नसते. बाल्कनीत गुडघाभर बर्फ साचला होता, त्यात पडद्याची दांडी खोचून आम्ही गुढी उभारली होती. कडुनिंब कुठून आणणार, म्हणून मेथीची जुडी बांधली होती. वाऱ्याने खण गारठून इतका कडक झाला होता की फडफडण्याऐवजी पत्र्यासारखा वाजत होता.

भाऊजी अकोल्याला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांनी बांधलेल्या कालव्यांचं पाणी अजून शेतांत फिरतंय. इथे आल्यावर मात्र कुणी त्यांच्या डिग्रीचा कागदसुद्धा नीट उलगडून पाहिला नाही. पिझ्झा पोचवला, टॅक्सी चालवली, मग गोदामात रात्रपाळीला खोकी उचलली, ती पाठ कायमची धरेपर्यंत. मंजूषावहिनी एका वृद्धाश्रमात काम करायच्या. त्या दिवशीही सण असून त्यांची पाळी होती. त्यांच्या पगारावर घर चालायचं आणि भाऊजींना ते पुरुषासारखं बोचायचं. शेवटी त्यांनी परीक्षा दिली आणि म्युच्युअल फंड विकायचं लायसन्स मिळवलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

आणि आमच्यावर त्यांचे उपकार इतके की सांगायला लाज वाटावी. आम्ही जानेवारीत उतरलो तेव्हा जुई पोटात होती. चार महिने त्यांच्या तळघरात राहिलो, भाड्याचा शब्द नाही. बर्फावरून चालायला मला त्यांनी शिकवलं. "पेंग्विनसारखी चाल, स्वरूपा. ऐट नको करू. इथे ऐट करणारे पडतात." जुई जन्मली त्या पहाटे परागला गाडी चालवता येत नव्हती, दवाखान्यात भाऊजींनीच नेलं होतं, प्रत्येक लाल सिग्नलला मोठ्याने रामरक्षा म्हणत.

अशा माणसाला मी नाही म्हणणार होते.

तीन आठवड्यांपूर्वी परागनेच विषय काढला होता. इथलं सरकार मुलांसाठी दर महिन्याला काही पैसे देतं आणि ते बहुतेक घरांत आईच्या खात्यात येतात. माझ्या नावाने येणारं या देशात तेवढंच होतं. त्यातले निम्मे मी जुई झाल्यापासून बाजूला ठेवत आले होते. मुलांच्या शिक्षणासाठी एक खास खातं उघडता येतं, त्यात आपण शंभर टाकले की सरकार वरून वीस घालतं. ते खातं उघडायचं ठरलंच होतं. प्रश्न एवढाच होता की कुणाकडे, आणि आत काय घ्यायचं.

"दादाकडे उघडू," पराग म्हणाला. "त्याच्या कंपनीचा एक फंड आहे. त्याला मार्चअखेर पहिलं खातं दाखवायचं आहे, नाहीतर कंपनी काढून टाकेल. पुन्हा गोदाम."

"ते फंड वर्षाला शंभरामागे सव्वादोन डॉलर कापतात, त्यातला वाटा विकणाऱ्याला जातो. बाजार चढला तरी, पडला तरी."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं."

वाचनालयात मंगळवारी लहान मुलांना गोष्टी सांगतात. जुई तिथे बसायची तो पाऊण तास माझा स्वतःचा असायचा. इतर आया कॉफी प्यायच्या. मी पैशांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी जमिनीवर मांडी घालायची. तिथे मला ईटीएफ कळला. म्युच्युअल फंडासारखाच तोही शेकडो कंपन्यांच्या शेअरचा गठ्ठा, पण तो आपला आपण बाजारातून घ्यायचा, एखाद्या शेअरसारखा. कुठल्या कंपन्या घ्यायच्या हे ठरवायला वर कुणी हुशार माणूस बसलेला नसतो; आख्खा बाजारच थोडा थोडा विकत घ्यायचा. म्हणून खर्च शंभरामागे पाव डॉलर. मी खातं उघडू शकेन अशी ऑनलाइन सोयही होती. जुई कॉलेजात जाईपर्यंत चौदा वर्षं होती. मी बेरजा केल्या, बाजार बरा चालला असं धरून. फरक आठेक हजार डॉलरचा निघाला. इथल्या विद्यापीठातलं एक आख्खं वर्ष.

परागने तो आकडा पाहिला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "चार महिन्यांचं भाडं धर. दवाखाना धर. रामरक्षा धर. फिटले की तुझे आठ हजार."

"उपकार मी फेडीन. जुईच्या पैशातून नाही फेडणार."

"मग तूच सांग दादाला. मी नाही सांगणार."

"मीच सांगणार आहे."

म्हणाले खरी. पण तीन आठवड्यांत फोन सात वेळा हातात घेतला नि खाली ठेवला. आणि आता पाडवा उजाडला होता, पुऱ्या तळून झाल्या होत्या, आणि भाऊजी दुसऱ्यांदा श्रीखंड मागत होते.

"वहिनींसाठी डबा भरलाय," मी म्हटलं.

"भर, भर. तिला आज पाळी देणाऱ्या त्या गोऱ्या बाईला पण पाठव थोडं. गोड खाल्लं तर सुट्टी देईल." त्यांनी बोटं चाटली, हात धुतले, रुमालाने प्रत्येक बोट कोरडं केलं आणि बॅगेची चेन उघडली. आतून गुळगुळीत पत्रकं निघाली. मुखपृष्ठावर पदवीची टोपी उडवणारी एक मुलगी होती. तिचे दात फार सुंदर होते.

"तर," भाऊजी बसल्या जागी जरा ताठ झाले. आवाजही बदलला, पुस्तकी झाला. "शिक्षणासाठीची गुंतवणूक ही लवकर सुरू करणं महत्त्वाचं असतं."

पराग खाली मान घालून ताटातला मिरचीचा देठ फिरवत होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "याचा वर्षाचा खर्च किती?"

"आहे ना. इथे दिलाय. पान नऊवर." त्यांनी पान नऊ काढलं नाही. "पण त्यात सगळं येतं, स्वरूपा. तज्ज्ञ लोक दिवसभर बसून पाहतात, कोणती कंपनी घ्यायची, कोणती सोडायची."

"ते तज्ज्ञ दर वर्षी बाजारापेक्षा जास्त कमावतात?"

"दर वर्षी कसं होईल? तू पण! धरणसुद्धा दर वर्षी भरत नाही."

"धरण नाही भरलं तर इंजिनिअरचा पगार कापतात?"

ते हसले. मनापासून हसले, आणि त्या हसण्यात क्षणभर त्यांचा जुना आवाज परत आला. "वकील का नाही झाली व तू?"

"मी ईटीएफ घ्यायचा विचार करतेय. माझी मीच."

पराग खोकला. टेबलाखाली त्याचा पाय माझ्या पायावर आला. मी पाय काढून घेतला.

भाऊजींनी पत्रकं एकावर एक नीट रचली. "घेता येतो," ते शांतपणे म्हणाले. "वाईट नाही. परीक्षेत होतं आम्हाला. स्वस्त आहे, हे पण खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. पण एक सांगू? स्वस्त तेव्हापर्यंत, जेव्हापर्यंत बाजार चढतोय. एक दिवस सकाळी उठशील, पाहशील तर चौथा हिस्सा गेलेला. पोरीचे पैसे. पराग खाणीत पाळीवर, पोरगी तापलेली, आणि तुझ्यासमोर विकायचं बटण. बोट थरथरेल. लोकांनी आयुष्याची कमाई त्या बटणावर घालवली आहे. तेव्हा तुला कोण फोन करेल, 'थांब, विकू नको' म्हणून? ते सव्वादोन डॉलर त्या फोनचे आहेत."

हे बोलणं पत्रकातलं नव्हतं. मनात होतं तेच माझ्या तोंडातून निघालं.

"तो फोन तुम्ही तसाही कराल, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परागकडे, मग खिडकीबाहेर गुढीकडे.

तेवढ्यात जुई उठून आली. केस एका गालावर चिकटलेले, एक मोजा गायब. कुणाशी न बोलता ती सरळ भाऊजींच्या मांडीवर चढली, जशी नेहमी चढायची.

"आली, आली! आमची लक्ष्मी आली!" त्यांनी आपल्या रुमालाने तिचं नाक पुसलं. "जुई, तुला माहीत आहे, बोहनी म्हणजे काय?"

जुईने मान हलवली.

"बाजारात दुकानदार सकाळी दुकान उघडतो ना, तर जे पहिलं गिऱ्हाईक येतं, त्याच्याकडून आलेले पैसे तो असे कपाळाला लावतो. पहिला हात चांगला असला की दिवसभर दुकान धावतं."

"तुझं दुकान कुठे आहे?"

"माझं? या बॅगेत." त्यांनी बॅगेतून अर्ज काढला. बरीचशी माहिती त्यांनी आधीच भरून आणली होती. जुईचं नाव, जन्मतारीख, आमचा पत्ता. त्यांचं ते इंजिनिअरी अक्षर, नकाशावर लिहितात तसं, प्रत्येक अक्षर सुटं आणि सरळ. "मी अजून कोणाकडेच गेलो नाही, पराग. वर्मांनी बोलावलं होतं, ते गुरुद्वाऱ्याजवळचे गुरमीतसिंग म्हणत होते. मी म्हटलं, नाही. पहिलं खातं आपल्या घरातलं, आणि पाडव्याला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. घे बेटा, हा पेन. इथे कोपऱ्यात एक रेघ मार. सही आई करेल. तुझा फक्त हात लागला पाहिजे."

जुईने पेन मुठीत धरलं. भाऊजींनी तिच्या मुठीवर आपला मोठा हात ठेवला. दोघांचे हात कागदाकडे निघाले.

मी उठले आणि जुईच्या हातातून पेन काढून घेतलं.

माझ्या हातून ते जोरात झालं असावं, कारण जुईने दचकून माझ्याकडे पाहिलं. भाऊजींचा हात कागदावर तसाच राहिला, वाटीसारखा, आत काही नसलेला.

"स्वरूपा!" पराग म्हणाला.

"नाही, भाऊजी. तिचा हात नका लावू. मी ही सही करणार नाही."

"अगं, सणाचा दिवस आहे. नंतर बोलू की आपण." पराग उठून उभा राहिला. "दादा, ती दोन रात्री झोपली नाही, जुई आजारी—"

"मी झोपले आहे व्यवस्थित. बस तू."

पराग बसला नाही.

भाऊजींनी हात मागे घेतला. जुईला त्यांनी मांडीवरून उतरवलं नाही. "माझ्यावर विश्वास नाही," ते म्हणाले. त्यात प्रश्न नव्हता, तक्रारही नव्हती. मोजमाप घेतल्यासारखं म्हणाले.

"तुमच्यावर जेवढा आहे तेवढा कुणावर नाही. जुईला उद्या काही झालं तर मी परागच्या आधी तुम्हाला फोन करीन."

"मग?"

मी पेन टेबलावर ठेवलं. हे मी परागलाही सांगितलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"माझे बाबा खामगावात पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते, भाऊजी. तुम्हाला माहीत असेल, रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून दहा-वीस रुपये गोळा करायचे, पावती द्यायची. बाबांना फिरायला आवडायचं. लोकांना बाबा आवडायचे. मग संस्थेने मोठ्या ठेवी आणायला सांगितल्या. बाबा आधी कुणाकडे गेले असतील?"

"नातलगांकडे," भाऊजी म्हणाले.

"आत्याने बांगड्या मोडल्या. मामाने ट्रॅक्टरसाठी ठेवलेले दिले. कागदावर संस्थेचं नाव होतं, पण ते कुणीच वाचलं नाही. सगळ्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहून दिले. संस्था बुडाली तेव्हा कुणी संस्थेच्या दारात गेलं नाही. आमच्या दारात आले. बाबांनी एक पैसा खाल्ला नव्हता, त्यांची स्वतःची ठेव तिथेच होती. आत्याला ते माहीत होतं. तरी आली. अंगणात उभी राहून म्हणाली, 'दादा, तुझ्याकडे पाहून दिले होते रे.' एवढंच. शिवी नाही, काही नाही."

परागने खुर्ची ओढली आणि बसला. "म्हणून आत्या लग्नाला नव्हत्या?" त्याने विचारलं. "तू म्हणाली होतीस, गुडघे दुखतात."

"गुडघेही दुखतात."

कुणी हसलं नाही. जुई भाऊजींच्या शर्टाचं बटण काजात घालत-काढत होती.

"पण हे वेगळं आहे, स्वरूपा," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "पतसंस्थेसारखा फंड बुडत नाही इथे. कायदे आहेत. मी स्वतः सगळं तपासलं आहे."

"बुडत नाही, पण पडतो. तुम्हीच म्हणालात ना आत्ता, चौथा हिस्सा. ज्या वर्षी पडेल त्या वर्षी मी कंपनीकडे बघणार नाही, भाऊजी. मी तुमच्याकडे बघेन. तोंडाने काही बोलणार नाही, पण मनात पान नऊ वाचेन. वहिनी दिवाळीला नवी साडी नेसून आल्या तर मला वाटेल, ही जुईच्या फीतली. तुम्ही जुईला खाऊ आणाल आणि मी त्याची किंमत धरेन. मला ठाऊक आहे मी कशी आहे. मी त्याच अंगणात वाढले आहे. ईटीएफ पडला तर मी माझ्या बोटाला शिव्या देईन. तुम्ही मला तेव्हाही भाऊजीच पाहिजे आहात."

बाहेर खण वाजत होता.

"बाबा आता काय करतात?" भाऊजींनी विचारलं.

"घरीच असतात. बाजारातून जात नाहीत. भाजी आई आणते."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, पुष्कळ वेळा. मग अर्ज उचलला. त्यावरचं जुईचं नाव पाहिलं. फाडला नाही, चुरगळला नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. पत्रकं मात्र बॅगेत गेली.

"कायम घरातच असतात?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"हं."

मला आता काहीतरी द्यावंसं वाटत होतं. रिकाम्या हाताने त्यांना उठू द्यायचं नव्हतं. "भाऊजी, मला तुमचा सल्ला पाहिजेच आहे," मी म्हटलं. "किती टक्के शेअर ठेवायचे, किती रोखे, जुई मोठी होत जाईल तसं काय बदलायचं, हे मला पुस्तकातून अर्धंच कळतं. तुम्ही बसा माझ्याबरोबर. जी फी होईल ती मी देईन. उघड देईन, तुमच्या हातात."

परागने कपाळाला हात लावला. "अगं, दादाला तू पैसे देणार? हातात?"

"फंडातून गेले असते ते चाललं असतं ना तुला?"

भाऊजी अचानक हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं. "पराग, वकीलच करायला पाहिजे होतं बे तुझ्या बायकोला! अगं स्वरूपा, तुझ्या हातून एक डॉलर घेतला ना, तर माझं लायसन्स जाईल. लायसन्सवाल्याने गिऱ्हाइकाकडून असे हातात पैसे घ्यायचेच नसतात. गुन्हा आहे."

"आणि फंडातून सव्वादोन घेतले तर?"

"तर कायदेशीर."

मग मीही हसले. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो, जुई आमच्याकडे पाहून टाळ्या पिटत होती आणि पराग एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. हसणं ओसरलं तेव्हा भाऊजींनी रुमाल काढला, तो जुईच्या नाकाने ओला झालेला होता, तरी त्यानेच डोळे पुसले.

"सल्ला फुकट देतो," ते म्हणाले. "पण आज नाही. आज नाही जमणार मला." मग जरा थांबून, "आणि बाजार उघडल्या उघडल्या कधी घेऊ नको. पहिला अर्धा तास भाव उड्या मारतात. चहा पी आधी, मग घे. आणि किती भावाला घेणार तो आकडा टाकूनच घे. मिळेल त्या भावाला घेऊ नको."

"बरं."

"पोरगी दहावीत गेली की शेअर कमी करायला लाग. तेव्हा लोभ करू नको."

"नाही करणार."

"झाला सल्ला."

ते उठले. पाठीवर हात ठेवून उठले, आधी कंबर, मग गुडघे. गोदामाने शिकवलेलं उठणं. परागने त्यांचा कोट धरला. "दादा, एकतीस तारखेपर्यंत..." तो म्हणाला आणि पुढचं त्याला सुचेना. "वर्मा म्हणत होते ना? गुरमीतसिंग?"

"पाहू," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही त्यांच्याकडे जा, भाऊजी," मी म्हटलं. "परक्यांकडे जा."

त्यांनी बूट चढवता चढवता वर पाहिलं. "परके," ते म्हणाले, "बोलावतात, स्वरूपा. देत नाहीत." आणि माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, लगेच आवाज चढवून म्हणाले, "डबा दे की! नाहीतर घरी गेल्यावर मला उपाशी ठेवेल तुझी जाऊ."

मी डबा दिला. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर लोणच्याची छोटी बाटली. मी वाकून नमस्कार केला. पाडव्याला करायचेच, पण त्या दिवशी मी पायाला हात लावून जरा जास्त वेळ तशीच राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता, नेहमीसारखा.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. मला तेव्हा कळलं नाही, आणि आज जुई बारा वर्षांची आहे तरी नीट कळलेलं नाही, की ते मला म्हणाले, की स्वतःला समजावत होते.

दार लागल्यावर पराग ताटं उचलायला लागला. माझ्याजवळून जाताना थांबला. "मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला. "बाबांचं."

"सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. मग ते आज आलेच नसते."

त्याने नळ सोडला आणि तो ताटं घासायला लागला. मी टेबल पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन खातं उघडायचं, हे माझं ठरलं होतं. आता त्यात बदल नव्हता.

जुई खिडकीपाशी स्टूलवर चढून काचेला नाक लावून उभी होती. मी तिच्यामागे जाऊन तिचा गळून पडलेला मोजा पायात चढवला. खाली पार्किंगमध्ये भाऊजी एका हातात डबा, दुसऱ्या हातात बॅग घेऊन बर्फातून चालले होते, पेंग्विनसारखे, पावलं जवळजवळ टाकत. गाडीपाशी पोचले. डबा पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला. बॅग मागे टाकली. काचेवरचा बर्फ खरवडला. मग गाडीत बसले, इंजिन सुरू झालं, मागून धूर निघायला लागला.

गाडी मात्र हलली नाही. वायपर एकदा फिरले, थांबले. आतला दिवा लागला आणि मिनिटभराने विझला. मागचा पांढरा धूर तसाच निघत होता.

जुईने काचेवरची आपल्या श्वासाची वाफ तळहाताने पुसली.

"आई," ती म्हणाली, "आता काका कोणाकडे जाणार?"